पेन परत द्यायचं राहिलं

सकाळपासून तीनदा गाडी भरली,
दोनदा उतरवली.
एकदा सासऱ्यांनी किल्ली खिशात घातली म्हणून,
एकदा टीव्हीवरची ती लाल रेघ
जराशी पूर्वेला सरकली म्हणून.
सरकली म्हणजे किती? बोटभर.
नकाशावरच्या बोटभर जागेत
आमचं अख्खं गाव मावतं:
चर्च, बर्फाचा कारखाना,
आणि दलदलीत खचत चाललेली
आमची माणसं पुरलेली जागा.

क्लोव्हिस बोट घेऊन खाडीत वर गेलाय,
सायप्रसच्या झाडांना दोर बांधायला.
जाताना म्हणाला, "तू ठरव."
एवढं बोललं की पुरुष मोकळा.

ओव्हीद, माझे सासरे, वय एक्याऐंशी,
ओसरीत बसून कोळंबी सोलताहेत
जसे काही पाहुणे यायचेत.
त्यांच्यामागे दाराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या खुणा,
पोरांच्या उंचीच्या नाहीत, पाण्याच्या.
त्यांचं लग्न झालं त्या वर्षी गुडघा,
क्लोव्हिस सहावीत होता तेव्हा कंबर,
सगळ्यात वरची माझ्या खांद्याशी.
तीही त्यांनीच काढली, माळ्यावरून उतरल्यावर.
"घर उभं राहिलं ना?" म्हणतात.
राहिलं.
एर्मा, माझी सासू, त्यानंतर वर्षभरही राहिली नाही,
पण त्याची खूण चौकटीवर नाही.

काल रात्रीच मी पेल्यात पाणी गोठवलं,
वर एक नाणं ठेवलं.
परत आल्यावर नाणं वर असेल
तर फ्रीजरमधली कोळंबी खायची,
तळाला गेलं असेल तर सगळं फेकायचं.
इतका सोपा नियम
माणसांसाठी कुणी करून ठेवला नाही.

तीनला डार्डारांचा किर्बी आला, शेरीफचा नवा शिपाई,
लहानपणी ह्याच ओसरीत जेवून गेलेला.
टोपी काढून पावसातच उभा राहिला.
"पूल चारला बंद. मग कुणी येणार नाही.
मीपण नाही."
खिशातून जाड काळं पेन काढलं.
"राहणार असाल तर दंडावर नाव लिहा, सरकारी नंबर लिहा.
ही शाई पाण्यानं जात नाही."
कशासाठी, ते त्यानं सांगितलं नाही,
आम्ही विचारलं नाही.
"पेन तेवढं परत द्या, जाताना घेतो. पुढच्या घरी लागेल."
आणि कुंपणापलीकडे कुणाला तरी हाका मारत गेला.

सासऱ्यांनी बाही वर केली.
"लिही."

इतक्या वर्षांत मी त्यांना ताट दिलंय,
गोळ्या दिल्यात, उलट उत्तरं दिलीत,
हात कधी धरला नव्हता.
कातडी इतकी सैल की पेनाबरोबर सरकायची,
दुसऱ्या हातानं ताणून धरावी लागली, चादरीसारखी.
कोळंबीचा वास. नाव झालं.
ते एकेक आकडा सांगत होते, मी लिहीत होते.
पाचव्यावर थांबले.
"विसरलात?"
"नाही. तुझा कोण लिहिणार?"
"माझा मी लिहीन."
"उजव्या हातानं डाव्यावर," ते म्हणाले,
जसं काही जमेल का ते बघत होते.

वाऱ्यानं पत्र्याची एक कड उचलली,
खाली काय आहे ते पाहिलं,
परत ठेवली.

मग उठले. कोळंबीच्या भांड्यावर झाकण घातलं.
किल्ली काढली,
टेबलावर नाही, माझ्या तळहातावर ठेवली.
"पुलावर सावकाश," म्हणाले,
"डावीकडचा कठडा नाहीये."

आज चौथा दिवस. तीनशे मैल उत्तरेला, मोटेलची खोली.
क्लोव्हिसचा फोन लागतो, तुटतो,
बोट आहे एवढं कळलं.
घराचं नाही.
नाणं वर आहे की तळाला, कोण सांगणार?
सासरे टबात बसतात तेव्हा
एक हात बाहेर काढून ठेवतात,
अर्धा नंबर भिजू नये म्हणून.

काल पर्समध्ये चिल्लर शोधताना
ते पेन हाताला लागलं.
आमच्या पुढचं घर मिस इनेझचं.
एकटी बाई, दोन मांजरं,
जाणार नाही म्हणाली होती.
किर्बीनं तिच्या हातावर
कशानं लिहिलं असेल?